अक्काला तेलाआधी पोचायचं होतं

शेवटची भेट तीर्थपुरीच्या घरी झाली. अक्का, माझी थोरली बहीण, खाटेवर उशीला टेकून बसली होती. आजार यकृतात पसरला होता, आवाज खोल गेला होता. "काही हवंय का?" मी विचारलं. म्हणाली, "न्हाई रे. यंदाचा सराव झाला का, तेवढं विचारून सांग." तिच्या जुन्या कार्यालयात विचारलं, तर सराव पुढं ढकलला होता. मी "झाला" म्हणालो. माझं खोटं तिला बराबर कळायचं. आठवड्यानं ती गेली.

आमच्या वडिलांनी जन्मात समुद्र पाहिला नाही. अक्का मात्र रसायनशास्त्र शिकून किनाऱ्यावरच्या सरकारी कार्यालयात लागली. जहाजातून समुद्रात तेल सांडलं तर कोणी, किती वेळात, काय करायचं, याचा आराखडा करणं अन् दरसाल त्याचा सराव घेणं हे तिचं काम. सुट्टीत आली की आई विचारायची, "सांडलंच न्हाई, मंग तू काय करतीस?"

"सांडायच्या आधी पोचायचं बघते," अक्का म्हणायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

एका साली तिनं कोणाला न कळवता सराव घेतला. तेल अडवायचे तरंगते पट्टे गोदामात, अन् गोदामाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडं. कुलूप तोडलं तर पट्ट्यांचं रबर तडकलेलं. तिनं तसं लिहून दिलं. वरून शेरा आला, भाषा सौम्य करावी. नवे पट्टे यायच्या आतच एक मालवाहू जहाज खडकाला घासलं.

"खाडीच्या तोंडाशी उभी होते," तिनं नंतर मला सांगितलं. "भरतीसंगं तेल आत येऊन राह्यलं होतं, अन् पट्टे आमच्या हातात तुटून राह्यले होते. कोळणी आल्त्या. इचारत होत्या, बाई, आता मासळी धरावी का. काय सांगू मी त्यांना?"

त्यानंतर ती कोळीवाड्यांतून हिंडली. त्यांच्या होड्या आराखड्यात घेतल्या, गोदामाची एक किल्ली तिथं ठेवायला लावली. साहेब लोक नाराज झाले. पण पुढच्या सरावात पट्टे वेळेत पाण्यात पडले. ती निवृत्त झाल्यावर मात्र सराव कागदावरच होऊ लागले.

तिचा मोबाइल आता माझ्याकडं आहे. बंद करायला मन धजत नाही. परवा दुपारी तो वाजला. किनाऱ्यावरून कोणी नवा अधिकारी घाईघाईनं बोलत होता. बंदराबाहेर एक जहाज कललंय, पाण्यावर काळा थर दिसतोय, आराखड्यात पहिला नंबर हाच आहे. "मॅडमना देता का?"

"त्या वारल्या," मी म्हणालो. "महिना झाला."

त्यानं हळूच विचारलं, "आता कोणाला विचारू?"

 तेव्हापासून तो फोन मी चार्जिंगलाच लावून ठेवतो.