उणकलच्या नावेतले चार दगड

मुलांनो, टाळेबंदीत आमच्या उणकलच्या तळ्यावर फिरायला एकही माणूस येत नव्हता. तरी रोज सकाळी तिथून एक नाव सावकाश निघे. पर्यटकांना तळ्यात फिरवणारा तो नावाडी मला गच्चीवरून दिसे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. समोरच्या दोन फळ्यांवर तो चार मोठे दगड ठेवी आणि वल्हे मारू लागे. धुक्यात ते दगड शाल पांघरून बसलेल्या पाहुण्यांसारखे दिसत.

एकदा दूध आणायला गेले असताना मी काठावरून विचारले, "अण्णा, दगडांकडून तिकीट घेता की काय?"

"नाही हो अज्जी. पण मध्येच उठून फोटो काढत नाहीत, एवढं बरं," तो हसला. मग म्हणाला, "रिकामी नाव वाऱ्यानं भरकटते, म्हणून हे वजन. आणि पाण्याबाहेर ठेवली तर फळ्या वाळून फाकतात. घरचे म्हणतात, लाकडाच्या भावानं विकून टाक, चूल तरी पेटेल. पण माणसं परत आली की त्यांना कशात बसवू?"

कित्येक महिन्यांनी तळे उघडले. पहिली आली ती आईवडील आणि एक लहान मुलगी. म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवावे, तसे नावाड्याने तीन दगड एकेक करून अलगद काठावर ठेवले. माणसे तीनच होती, म्हणून तोल साधायला चौथा दगड तसाच राहू दिला.

"जरा सरकून बस गं पुट्टी," तो मुलीला म्हणाला, "हे आमचं जुनं गिऱ्हाईक आहे."

मुलीने दगडाला जागा करून दिली आणि नाव धुक्यात शिरली.