आपली आज्ञाधारक

“पोस्ट आहे ना? मग खाली सही कुठंय?” फळा पुसता पुसता, मागे न बघता बाई विचारायच्या.

कर्वेनगरातल्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी संगणक. दोघंही हंगामी. सोशल नेटवर्किंग तेव्हा नवं होतं आणि शाळांना त्याची धास्ती होती. बाईंनी मात्र माझ्याकडून नववी ‘ब’साठी एक खातं उघडून घेतलं, वर्गाच्याच नावानं. मुलं पाळीपाळीनं बसून त्यावर लिहायची. सगळी बाईंच्या पत्रलेखनात तयार झालेली. ‘डब्यात परत भोपळा. आपला आज्ञाधारक, ओंकार.’

मी हसायचो. “बाई, इथं असं लिहीत नाहीत.”

“इथं म्हणजे कुठं, सर? वाचतात माणसंच ना?”

तुम्हीही असं कोणी पाहिलं असेल. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, आणि शांत बसवतही नाही.

खरं तर मला ते पटायला हवं होतं. माझे वडील पत्रकं काढायचे. खाली नाव नसलेलं पत्रक वाण्याला पुड्या बांधायला द्यावं, असं म्हणायचे. त्याच जोरावर मी स्टाफरूममध्ये भाषणं ठोकत असे.

एका दुपारी पोस्ट दिसली: ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला मधल्या सुट्टीनंतर कुलुप असतं. म्हणून आम्ही पाणी पीत नाही.’ खाली नाव नव्हतं. पालकांनी ती वाचली आणि मुख्याध्यापकांचा फोन वाजायला लागला. कुलूप असायचं, हे मलाही माहीत होतं.

बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. ‘कुलुप’ असं ऱ्हस्व लिहिणारी वर्गात एकच मुलगी होती. बाईंनी आधी तो उकार दीर्घ केला. मग खाली टाइप केलं, ‘आपली’, आणि स्वतःचं नाव.

“एक शब्द राहिला,” मी म्हणालो.

“राहिला नाही, सर.”

मुख्याध्यापकांनी दोघांनाही बोलावलं. “बाई, त्या मुलीचं नाव सांगा.”

“नाव खाली आहे की.”

“अहो, जूनमध्ये कायम व्हायचंय ना आपल्याला?”

“हो. म्हणून तर पूर्ण नाव लिहिलंय.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची टाचण्यांची डबी बघत होतो.

आठवडाभरात कुलूप निघालं. जूनच्या वेळापत्रकात बाईंचं नाव नव्हतं. त्या कुठल्या शाळेत गेल्या, मी विचारलं नाही. खातं माझ्याकडे आलं आणि पहिलं काम सांगितलं गेलं ते ती पोस्ट काढायचं. काढायची, हे नक्की ना, असं संगणकानं विचारलं. तेवढं तरी त्यानं विचारलं. मी ‘होय’ दाबलं.

आता मी पत्रकं लिहितो. लोक निर्भीड म्हणतात. शेवटी ‘आपला’ लिहिलं की हात अडतो. पुढचा शब्द बाईंनी गाळला होता. तो माझ्यापाशी राहिला आहे.