तोललेल्या दगडाखालची भाकरी

चाळीसगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक प्रचंड दगड लहानशा दगडावर तोललेला आहे. खोटं बोलणाऱ्याच्या अंगावर तो पडतो, असं गाव मानतं. भांडण मिटत नसलं की माणसाला त्याच्याखाली उभं करून बोलायला लावतात. एरवी तिथे कुणी थांबत नाही.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. भूगोलाच्या सरांनी लावलेल्या गोडीमुळे तो दगड बघायला गेलो, तर खाली एक प्रौढ बाई निवांत भाकरी खात बसलेली.

"अक्का, भीती नाही वाटत?"

तिने भाकरीवर ठेचा पसरला आणि सांगू लागली. धाकट्या जावेने तिच्यावर सोन्याची पोत चोरल्याचा आळ घेतला होता. इथे उभी राहून तिने "मी नाही घेतली" म्हटलं. दगड पडला नाही. तरी लोक म्हणाले, पडेल सावकाश.

"मंग मी रोज आठेच, दगडना खाले जेवस. कव्हय पडस ते देखू! बस ना भाऊ, सावली शे."

दगड कसा तोलला जातो, हे मी शिकलो होतो. तरी बसण्याआधी वर पाहिलंच. ती खुदकन हसली.

तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली एक बाई दगडाखालून जाणारी पायवाट सोडून लांबच्या बांधाकडे वळली.

"हाईच मनी धाकली जाऊ," अक्का म्हणाली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "ये वो बहिन, ऊन लागी! जागा शे आठे!"

जाऊ थांबली नाही. शेजारच्या शेतात कपाशी निंदणाऱ्या बायांनी मात्र हात थांबवले, आणि ती बांधाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.