तासाला एक तांब्या

मी पाणी प्यायला मिळावं म्हणून नोकरी सोडली. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "पगार कमी होता का?" पगार चांगला होता बाप्पा! साहेब हात उगारत नव्हता, अंगचटीला येत नव्हता. फक्त पाणी पिता येत नव्हतं. ज्याला हसायचं त्यानं पोटभर हसून घ्यावं. मला त्या राजीनाम्याची लाज तेव्हाही वाटली नाही आणि आता या वयात तर मुळीच वाटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोराडीला वीज केंद्र उभं राहत होतं आणि कोळसा वाहणाऱ्यांचे दिवस पालटले होते. लकडगंजात एका सागवानाच्या गोदामाच्या माडीवर अशाच एका खाजगी कंपनीचं ऑफिस होतं. तिथे मी टेलिफोन ऑपरेटर लागले. वय वीस, मॅट्रिक पास, आणि 'होल्ड ऑन प्लीज' न अडखळता म्हणता येई, एवढंच भांडवल. समोर बोर्ड, बोर्डात खुपसायच्या दोऱ्या, कानाला हेडफोन. ट्रक रस्त्यात बसला, खाणीवर माल अडला, कलकत्त्याचा ट्रंक कॉल लागला नाही, काहीही झालं तरी पहिली शिवी माझ्या कानात. "ऑपरेटर झोपली काय?" हे मी दिवसातून इतक्यांदा ऐकायचे की घरी कोणी नुसती हाक मारली तरी तोंडातून 'होल्ड ऑन प्लीज' निघायचं.

पण आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत माझं केवढं कौतुक! बाबा मिलमध्ये मागावर उभे राहून म्हातारे झाले होते. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षीच त्यांनी मनाशी ठरवलं होतं की पोरगी शिकेल आणि खुर्चीवर बसेल. मी सायकलवर टांग मारून निघाले की ते दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमची पोट्टी खुर्चीवर बसते. डोक्यावर पंखा हाय." पंखा होता, ते खरंच आहे.

ऑफिसात बायका दोनच. एक मी आणि दुसरी टायपिस्ट. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. तिला मी ताई म्हणायचे. आम्हा दोघींसाठी माडीच्या मागे एक संडास होता. हमाल वापरतील म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली साहेबाच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. हरवू नये म्हणून किल्लीला वीतभर लांब सागवानी ठोकळा बांधलेला, त्यावर लाल रंगानं लिहिलेलं 'लेडीज'. म्हणजे लघवीला जायचं तर साहेबाच्या केबिनमध्ये शिरायचं, तिथे पाय पसरून बसलेल्या चार व्यापाऱ्यांमधून वाट काढायची, ठोकळा काढायचा, तो हातात घेऊन सगळ्या ऑफिसातून चालत जायचं आणि तसाच परत आणून टांगायचा. साहेब घड्याळाकडे बघून म्हणणार, "आत्ताच तर गेल्या होत्या तुम्ही." व्यापारी मान खाली घालून हसणार. आणि पुरुष मंडळी? ती गोदामामागच्या भिंतीला जात. त्यांना ना किल्ली ना ठोकळा.

पहिल्याच दिवशी ताईनं मला बाजूला घेतलं. भाकरी कशी थापायची हे आई जितक्या मायेनं शिकवते, तितक्याच मायेनं तिनं मला शिकवलं. "सकाळी अर्धा कप चहा घेत जा. मंग संध्याकाळपर्यंत काहीच नाही. लईच तहान लागली तं तोंडात लवंग धर. सवय होते वं." आणि मी पण एक नंबरची शहाणी, शिकले! तीन महिन्यांत ताईच्या पुढे गेले. संध्याकाळी जिना उतरताना आम्ही एकमेकींना सांगायचो, "आज एकदाही नाही." कंपनी जशी काही आम्हाला बक्षीस देणार होती. आग लागो त्या शहाणपणाला!

आणि हे कुठे, तर नागपुरात, मे महिन्यात. साहेबाच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती. चपराशी थोड्या थोड्या वेळानं तिच्यावर बादली रिकामी करायचा. ओल्या वाळ्याचा वास माझ्या बोर्डापर्यंत यायचा आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली असायची. ताटीला बादलीभर पाणी, आम्हाला लवंग.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या कमरेत कळ आली. कळ कसली, आतून कोणीतरी सुरी फिरवतंय असं वाटलं. बोर्डावर तीन दिवे लागले होते. मी तिन्ही कॉल जोडून दिले, मग टेबलाखाली वाकून ओकले. चपराशी धावला. साहेब केबिनच्या दारातून म्हणाला, "कलकत्ता लागला का?" लागला होता. मीच लावून दिला होता. ते आठवलं की मला साहेबापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून घेतला आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" मी ऐटीत सांगितलं, "ऑफिसात पीतच नाही." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मला किल्ली, ठोकळा, व्यापारी सगळं सांगावं लागलं. बाईंचा आवाज चढला. "दोन खडे आहेत. आणखी एखादा उन्हाळा असा काढलात तर किडनीवर बेतेल. गोळ्या देते, पण खरं औषध पाणीच. तासाला एक तांब्या. आणि लागली की उठायचं, दाबून बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी साहेबासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, किल्ली माझ्याजवळ राहू द्या, आणि मी उठले की चपराशाला पाच मिनिटं बोर्डाजवळ उभं करा.

"तासातासाला उठणार तुम्ही?" साहेब म्हणाला. "आणि कोळसा काय कोराडीला पायी जाईल? हे ऑफिस आहे, पाणपोई नाही."

व्यापारी हसले. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी जाऊन बोर्डावर बसले.

घरी नोकरी सोडायचं नाव काढलं तर बाबा उसळले. "काहून सोडून राहिली वं? खडे तं कोणालेबी होते. कुळथाचं पाणी पे, पडून जातीन. खुर्ची गेली तं परत भेटन का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "लोक म्हणतीन, ह्याइच्या पोरीले खुर्ची झेपली नाही." लोक म्हणजे कोणते, ते सांगायची गरज नव्हती. ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण लोक तसं म्हणणार हे मलाही माहीत होतं. त्या एका वाक्यापायी मी आणखी पंधरा दिवस त्या खुर्चीला चिकटून राहिले. सोळाव्या दिवशी सकाळी लघवीतून रक्त गेलं.

मी भ्याले. खरं सांगते, फार भ्याले. पण भीतीच्या मागोमाग असा काही राग आला की मी तशीच अंगणात गेले. बाबा खाटेवर चहा पीत होते, शेजारीण नळाला गुंड लावून उभी होती. पोरगी बापाला अशी गोष्ट सांगत नसते. मी सांगितली, शेजारणीसमोर आणि मोठ्यानं. म्हटलं, "बाबा, त्या खुर्चीवर बसायचं तर मुतायला परवानगी लागते, म्हणून मी दीड वर्षं पाणी पीत नाही. आज रक्त गेलं. आता सांगा, खुर्ची पाहिजे की पोरगी?"

शेजारणीचा गुंड भरून वाहत होता, तिला भान नव्हतं. बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मले हे माहीत नव्हतं." खाटेवरून उठत पुढे म्हणाले, "पाण्यासाठी आपल्या लोकाइनं डोकी फोडून घेतली. अन् माही पोरगी पगार घेऊन तहानी बसून राहिली? लिही राजीनामा. अन् कारण बी लिही."

राजीनामा टाइप करायला ताईच. तिनं इंग्रजीत छानपैकी 'तब्येतीच्या कारणास्तव' ठोकलं. मी म्हटलं, "ताई, खरं कारण टाक."

"असं कोणी लिहिते का वं? अडाणी हायेस का?"

तिनं टाइप केलं नाही. मग मीच खाली पेनानं, मराठीत, ठसठशीत अक्षरात लिहिलं : कामाच्या वेळेत पाणी पिता येत नाही व लघवीला जाऊ देत नाहीत, म्हणून. साहेबानं वाचलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही ओळ काढा."

"नाही काढणार."

"एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल."

"देते की!"

आणि मी महिनाभराच्या तयारीनं आले. इतवारीतून मातीची सुरई आणली आणि बोर्डाशेजारी ठेवली. तास झाला की हेडफोन काढायचा, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं. लागली की केबिनमध्ये जाऊन खणखणीत आवाजात म्हणायचं, "साहेब, किल्ली." मागे कलकत्ता बोंबलत असो की मुंबई. व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ठोकळा उचलायची मी. तिसऱ्या दिवसापासून मजाच यायला लागली. आठवड्याभरात व्यापारी मला बघितलं की पाय आखडून घेऊ लागले. दहाव्या दिवशी साहेब म्हणाला, "महिन्याचा पगार घ्या आणि उद्यापासून येऊ नका." मी सुरई उचलली आणि निघाले.

त्या दहा दिवसांत मी रोज ताईच्या मशीनशेजारी एक भरलेला पेला ठेवत होते. ती त्याला हात लावायची नाही. शेवटच्या दिवशी मी चिडले. ती म्हणाली, "तुह्या मागं बाप हाय. माह्या मागं कोण हाय, सांग?" उत्तर नसलं की माझी जीभ जास्तच चालते. मी म्हटलं, "मरशील एक दिवस!" आणि जिना उतरले.

आठ महिने घरी बसले. नातेवाइकांनी टोमणे मारून घेतले. माझा एक खडा पडला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, काटेरी. तो मी काडेपेटीत ठेवला होता. कोणी म्हटलं, "चांगली नोकरी सोडली वं पोरी," की काडेपेटी उघडून पुढे धरायची. पुढचं वाक्य कोणी बोलत नसे. नंतर प्रताप नगरात एका बालवाडीत लागले. पगार निम्मा, सायकल दुप्पट. पण व्हरांड्यात रांजण होता, आणि लेकरं आणि मी दिवसभर पाणी पीत होतो.

ताई त्याच खुर्चीवर राहिली. ऐंशीनंतर कधीतरी तिच्या थोरल्या मुलीनं निरोप पाठवला, आई दवाखान्यात आहे, तुमची आठवण काढते. मी गेले. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, बोटं मात्र तशीच टायपिस्टची, चादरीवर चाळवत असलेली. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. आता अंगातलं पाणी बाहेर पडत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. मुलगी एका छोट्या वाटीनं मोजत होती. मे महिना होता.

मी सायकलवरून उन्हातान्हाची आलेली, घामानं चिंब. मुलीनं माझ्यासाठी तांब्या भरून आणला. मला तो हातात धरवेना. पलंगाखाली ठेवायला लागले तर ताईनं माझं मनगट पकडलं.

"पे," ती म्हणाली. "माह्यासमोर पे."

"ताई, मी तेव्हा बोलले ते..."

"ते जाऊ दे नं. पे तू. मले पाहू दे."

मी प्यायले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पीत राहिले. तिची नजर माझ्या गळ्यावर होती. तांब्या रिकामा करून मी खाली ठेवला, तर तिनं मुलीकडे मान वळवली आणि म्हणाली, "हिले आणखी दे."