नीज बाई

सत्यजित खांबेटे रॅप करतो हे हर्नडनच्या मराठी मंडळात पहिल्यांदा कळलं, तेव्हा लोकांनी ते कांजिण्यांसारखं घेतलं. मुलांना होतं, जातं. त्याचे वडील पुरुषोत्तम यांनाही तसंच वाटलं होतं. व्हर्जिनियाच्या त्या भागात ज्याला त्याला आयटीत नोकरी, ज्याच्या त्याच्या मुलाला शनिवारी तबला आणि रविवारी मॅथ्सचा क्लास. त्यात एखाद्याने शाळेच्या कॅफेटेरियात टेबल बडवून यमकं जुळवली, तर कुणाचं काय बिघडतं?

पण सत्यजितचं ते गेलं नाही. कॅफेटेरियात त्याच्यासमोर टेरेल बॉयकिन नावाचा एक काळा मुलगा बसायचा. त्याची आई स्कूलबस चालवायची. टेरेलच्या तोंडात शब्द तयारच असायचे. समोरच्याच्या बुटांवरून सुरू करून तो त्याच्या आजीपर्यंत पोचायचा आणि एकही यमक चुकायचं नाही. सत्यजितला ते जमायचं नाही. तो लिहायचा, खोडायचा, पाठ करायचा. मात्र टेरेलच्या शब्दांखाली जे वाजायचं ते सगळं सत्यजितचं असायचं. ठेका, सूर, मधेच सगळं थांबवून पुन्हा उसळी घेणं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. खांबेट्यांच्या बेसमेंटमध्ये एका जुन्या कॉम्प्युटरवर दोघं शाळा सुटल्यापासून बसायचे. वरून सुमित्रा, सत्यजितची आई, विचारायची, "टेरेल, पोहे खाणार ना रे?" आणि टेरेल चक्क मराठीत म्हणायचा, "हो काकू."

युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला असताना सत्यजितने शिक्षण सोडलं. पुरुषोत्तम ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "हौस म्हणून कर की. कॉलेजात असताना नाटकात मीही कामं केली. नोकरी नाही सोडली त्यासाठी."

"बाबा, इट्स नॉट अ हॉबी," सत्यजित म्हणाला आणि टेरेलबरोबर जर्सी सिटीला निघून गेला.

तिथली वर्षं कष्टाची होती, पण वाईट नव्हती. दोघांनी मिळून एक तळमजल्याची जागा भाड्याने घेतली होती. दिवसा सत्यजित मोबाइलच्या दुकानात काम करायचा, टेरेल सामानाचे ट्रक उतरवायचा. उरलेल्या वेळात गाणी. छोट्या क्लबांत, कुणा मोठ्याच्या आधी वेळ भरून काढायला त्यांना बोलवायचे. टेरेल गायला लागला की लोक मान हलवायचे. सत्यजितची पाळी आली की बारकडे वळायचे. सत्यजितच्या कडव्यांत हर्नडन असायचं: टोल रोडवर गाडीत बसून म्हातारे होत चाललेले बाप, एकसारखी घरं, एकसारखे मित्र. खरं होतं सगळं. पण ऐकणाऱ्याला त्याच्याकडून ते ऐकायचं नव्हतं. एकदा शो संपल्यावर एका मुलाने त्याला खांद्यावर थोपटून विचारलं होतं, "तू त्यांचा साउंडवाला ना?"

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो घरी आला. दुपारी सुमित्रा किचनच्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. आवाज जाडसर, थोडा थकलेला; पण चाल अशी की सत्यजित दारातच थांबला. त्याने फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला. आईला त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती लाजेल, थांबेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

जर्सी सिटीला परतल्यावर त्याने त्या गाण्याचा एक तुकडा कापला, तो पुन्हा पुन्हा वाजेल असा जोडला आणि खाली जड ठेका टाकला. 'नीज बाई, नीज बाई', एवढंच. टेरेलला ते 'नीड, बाय' असं ऐकू आलं. त्याने त्यावर कडवं बांधलं, सत्यजितने दुसरं. दोघांनाही कळलं की असं काही आपल्या हातून पूर्वी झालेलं नाही.

मॅनहॅटनमधल्या एका रेकॉर्ड कंपनीलाही ते कळलं. तिथल्या माणसाचं नाव होतं निक. निक सज्जनपणे बोलला. गाणं घेऊ, टेरेलला घेऊ, बाईचा आवाज तर सोनं आहे. फक्त सत्यजितचं कडवं काढावं लागेल. "तू प्रोड्यूसर आहेस, गाणं बांधणारा. उत्तम प्रोड्यूसर आहेस. लोकांना तुझ्या चेहऱ्याचं काय करायचं ते कळणार नाही."

सत्यजित हो म्हणाला. त्याच्या कडव्याच्या जागी टेरेलने नवं कडवं लिहिलं. ते क्लबमधल्या नाचणाऱ्या बायकांबद्दल होतं आणि निकला हवं तितकं घाण होतं. आईच्या आवाजावर ते शब्द चढताना सत्यजित स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसला होता. एका ओळीला सगळे हसले, तोही हसला. कागदपत्रांत संगीतकार म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं.

'नीड बाय' त्या उन्हाळ्यात सगळीकडे वाजलं. गाड्यांतून, जिममधून, बास्केटबॉलच्या मॅचेसमधून. सत्यजित बापाच्या फोनची वाट पाहत होता. तो आलाही. पुरुषोत्तम म्हणाले, "ऑफिसमध्ये एक जण विचारत होता, तो तुमचाच मुलगा का. मी हो म्हटलं." त्या आवाजातला अभिमान सत्यजितने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. गाण्यात कुणाचा आवाज आहे हे बापाने विचारलं नाही. इंग्रजी गाणी घरात लागतच नसत.

म्हणून मंडळाच्या गणेशोत्सवात सगळं एकदम झालं. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. कांचनकाकू, मंडळाच्या सेक्रेटरी, माइकवर म्हणाल्या, "आता आपल्या अंतराचा ग्रुप डान्स करणार आहे, आणि गाणं कुणाचं आहे ओळखा बरं." सत्यजितला खास बोलावलं होतं. सुमित्रा आणि पुरुषोत्तम पहिल्या रांगेत होते. गाण्यातल्या शिव्या काढलेल्या होत्या. मुली चमचमत्या टॉपमध्ये स्टेजवर आल्या, स्पीकर दणाणले, आणि सुमित्राचा स्वतःचा आवाज तिच्या अंगावर आला.

तिने दोन-तीन वेळा तो ऐकला. मग पर्स उचलली आणि मुलींच्या नाचाला टाळ्या वाजवणाऱ्या लोकांसमोरून ती बाहेर गेली.

सत्यजित पार्किंग लॉटमध्ये पोचला तेव्हा ती गाडीत बसली होती, काच वर करून. पुरुषोत्तम बाहेर उभे होते.

"व्हॉट हॅपन्ड?" सत्यजितने विचारलं. "मला वाटलं तिला आवडेल. सरप्राइज म्हणून..."

"ते कुठून घेतलंस तू?"

"आई किचनमध्ये म्हणत होती."

पुरुषोत्तमांनी गाडीच्या छतावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुझ्याआधी एक मुलगी झाली होती आम्हाला. ठाण्याला असताना. न्यूमोनिया झाला. वर्षाचीही नव्हती. तिच्यासाठी तुझ्या आईने ही अंगाई रचली होती. शब्द तिचे, चाल तिची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तिनेच नको म्हटलं. इकडे आल्यावर तो विषय काढायचा नाही असं ठरलं होतं."

"मला कधी म्हणायची ती हे?"

"नाही. तुला इंग्रजी गाणी म्हणायची. लायब्ररीतून कॅसेट आणून शिकली होती."

सत्यजितने विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"यामिनी."

मूळ ओळ होती 'नीज यामिनी, नीज बाई'. यामिनी म्हणजे रात्र, इतपत मराठी सत्यजितला येत होतं. अंगाईत रात्र असायचीच. पण तो शब्द ठेक्यात बसत नव्हता, जरासा पुढे पळत होता. म्हणून त्याने तो कापला होता. कापलेली जागा जाणवू नये म्हणून तिथे टाळीचा आवाज भरला होता. आत सभागृहात ती टाळी अजून वाजत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने निकला फोन केला. गाणं मागे घ्या म्हणाला. निकला आधी तो विनोद वाटला. मग त्याने समजावून सांगितलं की आता ते सत्यजितचं राहिलेलं नाही, कंपनीचं आहे. आणि आईची चाल होती तर तसं त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. "तू तर लिहून दिलंस की ती तुझी आहे."

सत्यजितला राग कुठेतरी काढायचा होता. एका मुलाखतीत तो बोलून गेला की गाणं पवित्र होतं, शब्दांनी त्याची माती केली. टेरेलचा फोन आला.

"ते शब्द मी लिहिले, कबूल," टेरेल म्हणाला. "पण मला वाटलं बाई कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डवरची आहे. काकू आहेत हे निककडून कळलं. तू सांगितलं नाहीस. तू खोलीत होतास. तू हसलास."

"ती अंगाई कुणासाठी होती हे मला तरी कुठे माहीत होतं, टेरेल?"

"काकू आहेत हे तर माहीत होतं. मी त्यांना फोन केला काल. माफी मागितली. तू मागितलीस का?"

सत्यजितने मागितली नव्हती. त्यानंतर टेरेल त्याच्याशी बोलला नाही. टेरेलची पुढची गाणी दुसऱ्यांनी केली आणि ती चालली.

सत्यजित गाडी काढून हर्नडनला आला. सुमित्रा सिंकपाशी होती. त्याने तोडक्यामोडक्या मराठीत पाठ करून आणल्यासारखी माफी मागितली. ती भांडी विसळत राहिली.

"टेरेल रडत होता फोनवर," ती म्हणाली. मग नळ बंद करून त्याच्याकडे वळली. "तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला ठाऊक होतं. म्हणून तू विचारलं नाहीस."

ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही, की त्याच्यावर रागावली नाही. जेवायला वाढायची, तब्येत विचारायची. फक्त तो आला की म्हणायची, "फोन चपलांपाशी ठेव." आणि तो घरात असेपर्यंत तिच्या तोंडून सूर निघायचा नाही. पुरुषोत्तमांनी एकदा सांगितलं, तो नसतानाही निघत नाही.

सत्यजितने नंतर स्वतःच्या रॅपचा अल्बम केला. काढून टाकलेलं कडवंही त्यात घातलं. एका समीक्षकाने लिहिलं, काम नेटकं आहे. फ्रीमाँटला देसी पोरांनी भरवलेल्या एका कार्यक्रमात त्याला विचारलं गेलं की तो काळ्यांची नक्कल का करतो. गोऱ्या पत्रकाराने विचारलं की त्याच्या गाण्यात भारत कुठे आहे. आणि प्रोड्यूसर म्हणून जे जे काम आलं त्यात मागणी एकच: ती बाई पुन्हा मिळेल का? तो नाही म्हणायचा. हळूहळू विचारणारेही थांबले. टोल रोडलगतच्या कंपन्यांच्या ट्रेनिंग व्हिडिओंना पार्श्वसंगीत देता देता तो चाळिशीकडे आला. ज्या बापांवर त्याने कडवं लिहिलं होतं त्यांच्याच रांगेत आता त्याची गाडी असायची.

सुमित्राला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि फार दिवस मिळाले नाहीत. शेवटच्या आठवड्यात तिला ग्लानी असायची. एका सकाळी ती ओठ हलवत होती, आवाज नव्हता. सत्यजित उशाशी वाकला. तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि ओठ मिटले. त्याच्या गालावर हात मात्र ठेवला. त्या हाताचा अर्थ त्याला आजही लागलेला नाही.

पुरुषोत्तम एकटे पडले म्हणून तो हर्नडनच्या घरी राहायला आला. गेल्या वर्षी एका गाडीच्या जाहिरातीत कंपनीने 'नीड बाय' वापरलं. शब्द काढून टाकले. ठेका, टाळी आणि आईचा आवाज, मागच्या सीटवर झोपलेलं सोनेरी केसांचं बाळ. किराणा दुकानात कांचनकाकू भेटल्या. "अरे, पाहिली हं अ‍ॅड," त्या म्हणाल्या. "सुमित्रा असती तर काय खूश झाली असती."

"हो काकू," सत्यजित म्हणाला, आणि कोथिंबिरीची जुडी निवडत राहिला.

टीव्हीवर ती जाहिरात लागली की पुरुषोत्तम रिमोटने आवाज बंद करतात. परवा रिमोट उशीखाली गेला होता. तो सापडेपर्यंत ती संपलीही.

"पुढच्या ओळी काय होत्या, बाबा?" सत्यजितने विचारलं. मूळ रेकॉर्डिंगचा फोन जर्सी सिटीची जागा सोडतानाच कुठेतरी गेला होता.

पुरुषोत्तमांनी आठवून पाहिलं. "खिडकीत चांदणं मावत नाही, असं काहीतरी होतं. त्याच्यापुढे बरंच होतं." ते थांबले. "मी तेव्हा कामावर असायचो रे. मला पूर्ण कधी ऐकायला मिळालं नाही."