भरवशाचा माणूस

गावात त्यांना सगळे सरकार म्हणतात. जहागीर कधीच गेली. उरली ती नारळ-सुपारीची वाडी आणि बोलण्यातलं 'आम्ही'. नवरा परदेशात अडकला नसता, तर त्या बंगल्याची पायरी मी कशाला चढले असते?

नवरा मालवाहू जहाजावर खलाशी. मालकाने हात वर केले, तिथल्या कोर्टाने जहाज अडकवलं आणि माणसं आतच कोंडली गेली. समोर बंदरातले दिवे दिसायचे, पण उतरायला बंदी. त्याच देशाचा एक मंत्री पूर्वी सरकारांकडे राहून, मोदक खाऊन गेला होता. तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार. आता ईमेलवर चालतो, पण सरकार त्याला पत्रच म्हणतात.

सरकार झोपाळ्यावरून सांगायचे, मी टाइप करायची. इंग्रजी त्यांचं, बोटं माझी. पण पहिल्या पत्रात काही मागायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. त्यामुळे पहिलं पत्र मंत्र्याच्या गुडघेदुखीवर गेलं. तिकडे नवऱ्याला प्यायला धड पाणी नाही आणि मी इकडे गुडघ्याला कुठलं तेल चोळावं ते लिहितेय! अस्सा संताप आला. गिळला. अडला हरी, दुसरं काय?

दुसऱ्या पत्रात त्यांनी शब्द टाकला. शिफारस करायची तर माणसाची हमी द्यायची, हीसुद्धा रीतच. "हा आमच्या गावचा. सोपवलेली वस्तू वाऱ्यावर सोडून जाणाऱ्यांतला नव्हे," असं त्यांनी सांगितलं. मला रडू आलं. माझ्या नवऱ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मंत्री मैत्रीला जागला. त्याने पत्र कोर्टापर्यंत पोचवलं आणि माणसं सुटली. मी घर सारवल्यासारखं लख्ख केलं, बोंबील आणून ठेवले. मग फोन आला.

"सगळी सुटली. मी न्हाय."

"म्हणजे?"

"जहाज विकेपर्यंत एक माणूस वर पायजे, म्हणं. कोण ठेवायचा, तर कोर्टाकडं माझ्याच हमीचं पत्र व्हतं. चाव्या माझ्याकडं दिल्यात."

मी तशीच बंगल्यावर गेले. ऐकून सरकार ताठ बसले. "केवढा मान! अख्ख्या जहाजातून आपल्या गावचा माणूस निवडला."

"जळो तो मान!" त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदाच चढला. "आत्ता लिहा सरकार. आळशी हाय, दारू पितो, चोर हाय, काय वाट्टेल ते लिहा. पण त्याला सोडवा."

झोपाळा थांबला. "सूनबाई, तुझं दुःख कळतं आम्हाला. पण आमच्या हातून खोटं कसं लिहिलं जाईल?"

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "अहो, टाका त्या चाव्या समुद्रात नि निघून या!"

"असं कसं?" तो म्हणाला. "कुणीतरी पायजे ना हितं."

सरकारांनी मान खाली घातली. मी फोन कानाशी धरून रडत राहिले. पत्रातला शब्द न् शब्द खरा होता.