भिंगरीचे चारशे मीटर

आधीच सांगून टाकते, धावण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण मशीनवर काम करते. शर्टाच्या सात बटणांपुढे माझं डोकं चालत नाही. तरी भिंगरीच्या धावण्यात मी नाक खुपसलं, आणि मग जे व्हायचं ते झालं.

भिंगरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण नर्स, सतत बदल्या. "ताई, दोनच महिने ठेव हिला, तिकडे घर मिळालं की नेते," असं म्हणून सहा वर्षांच्या पोरीला माझ्याकडे सोडून गेली. त्या दोन महिन्यांना आता अकरा वर्षं झाली. मला स्वतःचं मूल नाही. ही पोरगी आमच्या घरात कधी चालत म्हणून आली नाही. जिना धावत, दुकान धावत, ओरडा खायलासुद्धा धावत! म्हणून भिंगरी.

शाळेत ती शंभर मीटर पळायची आणि दरवेळी तिसरी-चौथी यायची. मला वाटायचं, चला, आठातली तिसरी म्हणजे काय कमी आहे? पण खेळाच्या सरांचं समाधान नव्हतं. एक दिवस ते घरीच आले.

"मावशी, ही सुटते उशिरा आणि वेग धरते तोवर शर्यत संपते. शंभर मीटर हिला पुरत नाही. मी हिला चारशेला घालतोय."

आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर काढली. "म्हणजे चौपट पळायचं?"

"चौपट नाही हो, ते वेगळंच प्रकरण आहे," सर म्हणाले. काय वेगळं, ते मात्र आम्हा तिघांना तीन महिने कळलं नाही.

पहिल्याच दिवशी घोळ. भिंगरी विचारते, "सर, पूर्ण जोरात पळू?" सर म्हणतात, नाही. "मग हळू?" तेही नाही. "मग?" "जोरात पळ, पण सगळं देऊ नको." ती माझ्याकडे बघते, मी सरांकडे. शेवटी पळाली आपली नेहमीसारखी, अर्ध्यापर्यंत वाऱ्यासारखी. पुढे तिचे पाय असे जड झाले की बघवेना. कशीबशी रेघ ओलांडली आणि कडेला बसून भडाभडा ओकली.

घरी येऊन रडली. "मावशी, पळायचं म्हणजे पळायचं ना गं? पळताना राखून कसं ठेवायचं?"

मी माझ्या परीने समजावलं. "अगं, एका रिळात ठरलेले शर्ट काढायचे असतात, तेव्हा आम्ही दोरा पुरवून वापरतो की नाही? तसं."

"दोरा थकत नाही, मावशी."

मी उठून पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

शेवटी सरांनीच तोड काढली. आमच्या शाळेचं मैदान लहान, एक फेरी तीनशे मीटरची. त्यामुळे चारशे म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर आणखी शंभर. सुरुवातीची रेघ पाण्याच्या नळापाशी. सर म्हणाले, "हिने स्वतःचं डोकं चालवायचंच नाही. फेरी मारून नळापाशी परत आली की शेवटचे शंभर उरतात. तिथे मावशींनी उभं राहायचं आणि ओरडायचं, 'आता!' तोवर राखून पळायचं. 'आता' ऐकलं की असेल नसेल ते सगळं सोडायचं."

सकाळी सहाला सरांना बाकीची पोरं असायची. मला कारखान्यात नऊला जायचं. म्हणून नळ, मी आणि माझा आवाज, असं तीन महिने चाललं. तिची वेळ भराभर उतरायला लागली. माझा 'आता' कानावर पडला की पोरगी अशी सुटायची की माझ्याच अंगावर काटा यायचा. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटायचं. माझ्या एका शब्दावर असं कुणी कधी धावलं नव्हतं.

निवड चाचणी आली, तीही मोठ्या स्टेडियमवर. पहिल्या दोघींना सरकारी प्रशिक्षण केंद्रात जागा, राहणं, शिक्षण सगळं तिथेच. वयाची अट अशी की भिंगरीला ही शेवटची संधी. नाही मिळाली, तर माझ्या शेजारचं मशीन रिकामंच होतं, सुपरवायझरने दोनदा विचारलंही होतं. मी त्याला तोंडावर सांगितलं, "बटणं लावायला नाही वाढवली मी हिला." फॉर्म मी भरला. तिच्यासाठी नवी बॅगसुद्धा मीच आणली.

त्या दिवशी सर लांब उडीच्या पोरांबरोबर पलीकडच्या टोकाला अडकले होते. जाता जाता मला म्हणाले, "मावशी, शेवटच्या शंभराला ओरडा. विसरू नका." मी कशी विसरेन! भिंगरी जिथे उभी राहिली, त्या रेघेच्या बरोब्बर समोर जागा पकडून मी बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा गोंधळल्यासारखी वाटली. मी हात हलवला, तिनेही हलवला.

तिला सगळ्यात आतली पट्टी मिळाली होती. बाकीच्या सात जणी एकीपुढे एक अशा उभ्या, शेवटची तर कुठल्या कुठे पुढे! माझं डोकंच फिरलं. "अहो, हा काय अन्याय? आमचीलाच सगळ्यात मागे का?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "वळणावर सारखं होतं हो ते." मला पटलं नाही, पण तेवढ्यात बार उडाला.

भिंगरी सुरेख पळत होती. राखून, मापात. अर्ध्यात चौथी, शेवटच्या वळणावर तिसरी. वळण संपवून ती समोरच्या सरळ पट्टीवर आली. बाकीच्या पोरींची तोंडं वाकडी झालेली, माना मागे पडलेल्या, आणि ही अजून ताजीतवानी! मी ओठ घट्ट दाबून बसले. म्हटलं, अजून नाही, अजून नाही, रेघेपाशी येऊ दे. पुढचीच्या अगदी खांद्यापाशी ती पोचली होती. ती रेघेपाशी आली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आता!"

आणि भिंगरी सुटली. काय पळाली म्हणून सांगू! पुढच्या दोघी रेघ ओलांडताच आडव्या पडल्या आणि ही त्यांच्यामधून वाट काढत वळणाच्या दिशेने तुफान निघाली. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. मग लक्षात आलं की अख्खं स्टेडियम हसतंय. पंच शिट्टी वाजवत तिच्या मागे धावत होता.

"अहो, एक फेरीच असते," शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या. "हे मैदान चारशेचं आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिथून सुटायचं तिथेच संपायचं, हे इतकं साधं! मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.

भिंगरी तिसरी आली. दुसरी आणि तिच्यात वीतभर अंतर. सरांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

परतताना बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. मीच म्हटलं, "तुला कळलं नाही का गं, शर्यत संपली म्हणून?"

"कळलं की. रेघ दिसली मला. पण तू ओरडलीस आणि पाय आपोआप गेले."

"आणि त्याआधी?"

"सरळ पट्टीवर आल्यापासून वाटत होतं सोडावं. खूप शिल्लक होतं गं. पण म्हटलं, मावशी अजून ओरडली नाही. तिला सरांनी काहीतरी सांगितलं असेल." ती माझ्याकडे वळली. "मावशी, मग मी चांगली पळाले की वाईट?"

माझ्या मनात भलतंच चाललं होतं. नावं वाचली तेव्हा, तिसरं नाव हिचं आलं तेव्हा, माझ्या छातीवरून कुणी दगड उचलावा तसं मला हलकं वाटलं होतं. एक क्षणभरच, पण वाटलं होतं. आता मला समजत नव्हतं की मी खरोखर चुकले, की माझ्यातल्याच कुणीतरी तोंड दाबून धरलं होतं. मैदानाचं मला माहीत नव्हतं, हे देवाशपथ खरं. तरीपण.

भिंगरीने माझ्या दंडाला कोपर मारलं. माझा चेहरा बघून तिला वाटलं असणार, मावशीला हसवावं. "जाऊ दे ना आता. नाही गेले कुठे. तू तर खूशच असशील!"

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचं हसू चेहऱ्यावर तसंच गोठून राहिलं आणि ती खिडकीकडे वळली. आमचा थांबा आला तरी आम्ही दोघी बसूनच होतो. कंडक्टरने दुसऱ्यांदा विचारलं, "उतरायचंय ना?" तेव्हा उठलो.